घासणी लावली की राजा गेला

आई जर्सीला आली होती तेव्हाची गोष्ट आहे. गोष्ट म्हणजे तसं काहीच घडलं नाही, दोन वाक्यं झाली फक्त, एक तिचं आणि एक माझं, पण माझं वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. ऑक्टोबरातला शनिवार होता, नवरा मुलांना घेऊन सॉकरला गेलेला, आणि मी म्हटलं चल आज तुला न्यूयॉर्कचं मोठं म्युझियम दाखवते, मेट. ट्रेन, मग मॅडिसन अव्हेन्यूवरून वर जाणारी बस, आईच्या पर्समध्ये धपाट्यांचा डबा आणि गुडघ्याला पट्टा. तिकिटाचे रुपये करून झाले, ममी बघून झाल्या (तिला नाही आवडल्या, मेलेल्या माणसाला असं काचेत कशाला ठेवायचं म्हणाली), आणि दुसऱ्या मजल्यावर इस्लामी जगाच्या दालनांत पोचेपर्यंत तिचे पाय भरून आले होते आणि मी आपली मनात हिशेब करतेय की अजून काय काय दाखवायचं राहिलंय. आपल्या माणसाला काहीतरी भारी दाखवायचंय या घाईत त्या माणसाकडे बघायचंच राहून जातं, तसं माझं झालं होतं.

तिथे एका काचेच्या पेटीपाशी ती आपणहून थांबली. आत वाडगे होते. दुधावरच्या सायीसारखे पांढरट, वीतभर रुंदीचे, आणि आतून माणसांनी गच्च भरलेले. मधोमध सिंहासनावर कुणीतरी मांडी घालून बसलंय, दोन्ही बाजूंना हात बांधून उभे असलेले सेवक, काठाने घोडेस्वार एकामागे एक गोल फिरतायत, निळा, फिरोजी, विटकरी लाल, आणि मध्येच कुठेतरी सोन्याचा एखादा कण चमकतोय. आईने चष्मा कपाळावर सरकवला, जवळचं बघताना ती तसंच करते, आणि इतकी वाकली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. मग तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे साताऱ्याच्या आमच्या वाड्यात अंगणातून माडीवरच्या माणसाशी बोलायच्या आवाजात, म्हणाली, "रंग वरनं लावलाय गं. याला तारेची घासणी लावली की राजा गेला." शेजारचं जोडपं वळून बघायला लागलं, कोपऱ्यातल्या गार्डने मान वर केली, आणि मी दातओठ खात म्हटलं, "आई, हळू बोल ना. आणि इथे काय भांडी घासायचं लावलंयस?"

ती गप्प झाली.

नुसती गप्प नाही, पुढे तासभर मी जे दाखवेन त्याला "हो, छान आहे" म्हणत राहिली. गालिचे छान, दिवे छान, नक्षीचं लाकडी छत छान. धपाटे आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसून खाल्ले तेव्हा तिने फक्त एवढं विचारलं की गार्ड रागावला का गं. मी म्हटलं नाही गं, कशाला रागावेल. आणि विषय संपला, म्हणजे तिच्यापुरता.

रात्री ती झोपल्यावर मी फोनवर ते वाडगे शोधत बसले. त्यांना मीनाई म्हणतात. हे नाव त्या काळचं नाही, फार नंतर बाजारात पडलेलं, मीना म्हणजे आपल्या बांगड्या-कुड्यांवर असतो तोच मीना. बनवणाऱ्यांच्या बोलीत त्याला हफ्त रंग म्हणायचे, सात रंग. आपला हप्ता सात दिवसांचा असतो तो याच हफ्तवरून आलेला (बँकेचा हप्ता महिन्याने येतो आणि तरी हप्ताच, असो). इराणमध्ये काशान नावाचं गाव आहे, वाळवंटाच्या कडेला, तिथे साधारण ११८० नंतरची तीस-चाळीस वर्षं हे काम चाललं. माती म्हणून जे म्हणतो आपण ती फारशी माती नाहीच. तिथल्याच एका कुंभार घराण्यातला अबुल कासिम म्हणून माणूस पुढे दरबारात इतिहासकार झाला आणि त्याने १३०१ मध्ये घरची कृती चक्क लिहून ठेवली: दहा भाग दळलेला पांढरा दगड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. त्या दगडाला कारागीर साखर-दगड म्हणायचे, शुकर-ए-संग. मला हे वाचून एकदम अनारशाच्या पिठाची आठवण झाली, इतकं सरळ वाटी-वाटीचं प्रमाण. चीनहून पांढरीशुभ्र भांडी येत होती, तसली माती इराणात नव्हती, तर मग दगड दळून पांढरेपणा आणायचा. चिनी मातीला त्यांनी काढलेली ही पळवाट.

आणि मग रंगांचं. निळा आणि फिरोजी हे झिलईतच, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरातच मुरवायचे, पहिल्या भट्टीत, तो भाग पक्का. पण लाल, काळा, पांढरा आणि सोनं हे झिलई भाजून गार झाल्यावर तिच्या वर लावायचे आणि मग दुसऱ्यांदा, कमी आचेवर भाजायचं, कारण लाल रंगाला मोठी आग सोसत नाही. म्हणजे चेहऱ्यांच्या रेघा, ओठ, घोड्यांचे लगाम, मुकुटावरचं सोनं, जे जे बघायला आपण वाकतो ते सगळं वर नुसतं बसलेलं असतं. आठशे वर्षांत तेच आधी उडतं. कित्येक वाडग्यांत निळा अंगरखा शाबूत आहे आणि वर चेहऱ्याच्या जागी पुसट पांढरा गोळा.

रंग वरनं लावलाय गं. रात्री एक वाजता मी स्वयंपाकघरात उभी राहून पाणी प्यायले आणि मला हसूही येईना. म्युझियमच्या पाटीवर जे दोन ओळींत लिहिलेलं असतं आणि मी न वाचता पुढे जाते, ते हिने काचेपलीकडून, हात न लावता ओळखलं होतं.

ते कुठून ओळखलं हे आठवायला मला अजून दोन दिवस लागले.

आमच्या घरी हॉलमध्ये शोकेस होती, सरकत्या काचांची, त्यात एक चहाचा सेट होता. बाबांना ऑफिसातून कुठल्याशा निमित्ताने मिळालेला. सहा कप, सहा बश्या, किटली, साखरेचं भांडं, सगळ्याला सोनेरी काठ, आणि कपावर एक चित्र: झाडाखाली घेरदार झग्यातली बाई बसलीये, तिच्यापुढे केसांचा पांढरा टोप घातलेला बाप्या गुडघा टेकून काहीतरी देतोय, मागे कारंजं. हा कुठला दरबार, कुठला बगीचा, कोण ही माणसं, आमच्या घरात कुणाला पत्ता नव्हता आणि कुणी विचारलंही नाही. फ्रान्समधल्या कुठल्यातरी राजाच्या काळच्या चित्रांची ती नक्कल होती हे मला इकडे आल्यावर कळलं. पण साताऱ्यात, जिथे बाबा सायकलने ऑफिसला जायचे आणि दूध वाटीने मोजून यायचं, तिथे शोकेसमध्ये ती बाई वर्षानुवर्षं झाडाखाली बसून होती आणि ती आमची होती. वर्षातून दोनदा सेट बाहेर निघायचा. मी दहा वर्षांची असताना एका दिवाळीत पाहुणे गेल्यावर आईला मदत म्हणून मी कप घासायला घेतले. तळाशी चहाचा डाग होता, जात नव्हता, मी तारेची घासणी घेतली. डाग गेला. काठाचं सोनं गेलं आणि बाहेरून धरायला म्हणून अंगठा आणि घासणी जिथे टेकली होती तिथे त्या बाईचा चेहरा पण गेला, झगा राहिला.

आई ओरडली नाही. तिने तो कप धुतला, पुसला आणि शोकेसमध्ये मागच्या बाजूला, पुसलेली बाजू भिंतीकडे करून ठेवला. तो अजून तसाच आहे बहुतेक.

तर मीनाईच्या वाडग्यांबद्दल जे मी पुढे महिनाभर वाचत सुटले ते या कपाच्या मागे लागून. एक गोष्ट मला आधी कळतच नव्हती की हे वाडगे घ्यायचं कोण. सिंहासनं, शिकारी, मैफिली, तळ्याकाठी बसलेली मंडळी, म्हटल्यावर वाटतं राजवाड्यातलीच भांडी असणार. पण राजाच्या ताटाला सोन्याचांदीची काय कमी. अभ्यासक म्हणतात की हे बरंचसं शहरातल्या पैसेवाल्या लोकांसाठी होतं, व्यापारी वगैरे. म्हणजे दरबारात ज्यांना आत सोडलं असतं की नाही कोण जाणे, त्यांच्या घरातला दरबार. आणि त्यातली गंमत, किंवा गंमत म्हणवत नाही, ही की बाहेर तेव्हा खरे दरबार कोसळत होते. इराणातला शेवटचा सेल्जुक सुलतान तुघ्रिल ११९४ मध्ये रय शहराजवळच्या लढाईत मारला गेला. त्याच्या आठ वर्षं आधी, ११८६ मध्ये, काशानच्या अबू झैदने तळ्याकाठच्या मैफिलीचा एक वाडगा रंगवून त्यावर सही आणि साल घातलं, तो मेटमध्येच आहे. पुढची तीसेक वर्षं याची सही मिळत राहते, मीनाईवर, सोनसळी चमकीच्या भांड्यांवर, मशहद आणि कोमच्या दर्ग्यांच्या टाइल्सच्या कामात. सुलतान गेला, त्याला हरवणारा ख्वारझमचा शाह आला, आणि अबू झैदच्या आणि त्याच्यासारख्यांच्या वाडग्यांत सिंहासनावर तोच गोल चेहरा, तेच दोन सेवक, तळाशी तेच मासे.

तो चेहरा. सगळ्यांना एकच चेहरा आहे हे आईच्या लक्षात आलं होतं की नाही माहीत नाही, मला आलं आणि आधी जरा कंटाळाच आला. पूर्ण चंद्रासारखं गोल तोंड, बारीक तिरके डोळे, दोन रेघांच्या भुवया, ओठ म्हणजे एक लाल ठिपका. राजा तोच, सेवक तोच, घोडेस्वार तोच, हार्पसारखं चंग वाजवणारी बाई तीच, बाई आहे की पुरुष हे सुद्धा पगडी आणि वेण्यांवरून ठरवायचं आणि त्यातही चुकायला होतं. फारसी कवितेत सुंदर माणसाला चंद्रमुखी म्हणायची रीत होती, तर चित्रकाराने सगळ्यांनाच चंद्र करून टाकलं. वर प्रत्येकाच्या डोक्यामागे गोल प्रभामंडळ, सेवकाच्या सुद्धा, त्याचा देवपणाशी काही संबंध नाही, गर्दीत डोकं उठून दिसावं एवढाच. मग मला आमच्या गौरी आठवल्या. मुखवटे दोन्ही एकाच साच्यातले, एकीलाही दुसरीपेक्षा जास्त नाक नाही, आणि तरी आई लांबून सांगते ही ज्येष्ठा, ही कनिष्ठा, कारण साडी तिनेच नेसवलेली असते. चेहऱ्यावरून माणूस ओळखायचा ही आपलीच, फोटोवाल्यांची सवय. इथे अंगरख्याच्या दंडावरची पट्टी बघायची, कोण बसलंय कोण उभंय ते बघायचं, कुणाच्या हातात पेला आहे ते बघायचं.

काठावरच्या अक्षरांचं मला सगळ्यात जास्त वेड लागलं. आत फारसी प्रेमकविता असतात कधी, आणि बाहेरून किंवा काठाने अरबीत आशीर्वाद. शब्द वाचा: इज्ज, इकबाल, दौलत, सलामत, बका, आणि शेवटी 'ली साहिबिही', याच्या साहेबाला, म्हणजे धन्याला. मान, भरभराट, ऐश्वर्य, सुखरूपपणा, आणि टिकून राहणं, हे सगळं या भांड्याच्या मालकाला मिळो. यातला अरबी मला एक शब्द येत नाही आणि तरी निम्मे शब्द आमच्या सातारच्या घरात रोज बोलले जायचे, इज्जत, दौलत, सलामत, साहेब, आणि बका म्हणजे 'बाकी'चाच भाऊ, उरणं. फक्त मालकाचं नाव कुठेच नाही. भांडं आधी तयार, आशीर्वाद आधी लिहून तयार, जो घेईल त्याचा. आमच्याकडे बरोबर उलटं. स्टीलच्या डब्यापासून पळीपर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं, त्या टिकटिक मशीनने ठिपक्याठिपक्यांनी, अमक्या मामा-मामींकडून, वास्तुशांतीनिमित्त, तारखेसकट. दिलेल्याचं नाव, घेतलेल्याचं नाव, आशीर्वाद काही नाही. (आमच्या एका पातेल्यावर "यांजकडून सप्रेम" एवढंच आहे, नाव घालायच्या वेळी लाइट गेली म्हणे.) आणि अबू झैदसारखा बनवणाऱ्याचं नाव घालायची तर आपल्या भांड्यांवर पद्धतच नाही.

नोव्हेंबरात आई परत गेली. फोनवर मी तिला यातलं तुकड्या-तुकड्यांनी सांगत होते, माफी वगैरे मागायचं जमत नव्हतं म्हणून माहिती सांगत होते असं आता वाटतं. बहराम गूरची गोष्ट तिला सांगितली. मेटमधल्या एका वाडग्यात ती आहे: राजा बहराम उंटावर बसून हरणांच्या शिकारीला निघालाय, बरोबर आझादा, चंग वाजवणारी. शाहनाम्यात, म्हणजे इराणी राजांच्या महाकाव्यात, असं आहे की तीच त्याला म्हणते नराची मादी करून दाखव, मादीचा नर, आणि हरणाचा पाय कानाशी शिवून दाखव एका बाणात. तो सगळं करतो, शिंगं उडवतो, मादीच्या डोक्यात दोन बाण शिंगांसारखे रोवतो, कान खाजवायला पाय वर केलेल्या हरणाचा पाय डोक्याशी खिळतो. आणि तिला वाहवा म्हणवत नाही, हरणांची दया येते, हे सैतानाचं काम म्हणते. तर तो तिला उंटावरून फेकतो आणि तिच्यावरून उंट नेतो. चित्रकाराने दोन्ही क्षण एकाच वाडग्यात घातलेत, वर ती उंटावर बसलेली, खाली तीच उंटाच्या पायाशी. नावाचा अर्थ स्वतंत्र, आझाद. आई म्हणाली, "आणि हे जेवायच्या भांड्यावर?" मी म्हटलं हो. "कुणाला घास गेला असेल?" यावर माझ्याकडे काही नव्हतं. इतके सुंदर रंग आहेत त्या वाडग्यात की त्या खालच्या आडव्या बाईकडे लक्षच जात नाही पहिल्यांदा, हे मी तिला सांगितलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन करून निजामी या फारसी कवीची गोष्ट सांगितली, बरं वाटावं म्हणून. त्याने ११९७ मध्ये, म्हणजे काशानात हे वाडगे निघत होते तेव्हाच, हीच गोष्ट बदलून लिहिली. त्याच्याकडे ती मरत नाही. राजाच्या नेमबाजीला ती म्हणते त्यात काय, सराव आहे, म्हणून तो तिला मारायला एका सरदाराकडे देतो, सरदार तिला लपवतो. तिथे ती एक नुकतं जन्मलेलं वासरू खांद्यावर घेऊन रोज साठ पायऱ्या चढते, रोज, वासराचा बैल होतो तरी चढते. मग एक दिवस राजा तिथे जेवायला येतो, हे बघतो आणि म्हणतो यात काय, हा तर सराव. आणि ती म्हणते, मग मी बैल उचलला तर सराव आणि तुम्ही शिकार केली तर सराव म्हणायचं नाही? आई खूप हसली. मग म्हणाली, "साठ पायऱ्या? गुडघे कसले असतील तिचे."

१२२० मध्ये मंगोलांनी रय उद्ध्वस्त केलं, १२२४ मध्ये काशानवर आले. काशानच्या भट्ट्या पुढे पुन्हा पेटल्या, गडद निळ्यावर सोन्याचे वर्ख लावलेली भांडी निघाली, पण ही माणसांची गर्दी, हे घोडेस्वार आणि मैफिली परत आल्या नाहीत. त्या काळची इराणातली चित्रं काढलेली पुस्तकं जवळपास सगळीच गेली, त्यामुळे तेव्हाचे चित्रकार काय काढत होते ते बघायचं तर याच वाडग्यांत. आणि वाडगे तरी कुठले अख्खे. जमिनीतून निघाले ते तुकड्यांत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत त्यांना इतका भाव आला की व्यापाऱ्यांनी तुकडे जुळवले, नसलेला तुकडा दुसऱ्या वाडग्यातून आणला, उडालेले चेहरे नव्याने रंगवून घेतले. म्हणजे आपण ज्या राजाकडे बघतोय त्याचे पाय काशानचे आणि तोंड शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी दुकानातल्या कारागिराचं, असंही असू शकतं. याचा आधी मला राग आला, फसवणूकच ना ती. मग त्या दुकानातल्या माणसाची कीव आली, बारीक कुंचला घेऊन तो लाल ठिपक्याचा ओठ काढत बसला असेल, तोच गोल चेहरा, त्याला तरी दुसरा कुठला येणार होता. माझ्या कपाला कुणी असा चेहरा काढून दिला असता तर दहाव्या वर्षी मी त्याच्या पाया पडले असते.

जानेवारीत एकटीच परत गेले. थंडीमुळे गर्दी नव्हती. मी आईसारखी वाकून, चष्मा वर करून बघितलं. सिंहासनावरच्या माणसाच्या एका गालावर रंग उरला नव्हता, आणि त्याच्या गळ्यापासून काठापर्यंत केसाएवढी बारीक रेघ गेली होती, सांधल्याची. मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा, पण ती जागीच असते, ओट्यापाशी दूध विरजायला लावत होती. मी कॅमेरा उलटा केला आणि वाडग्यासमोर धरला. तिचे ओठ हलले, ऐकू काही आलं नाही. मी आवाज वाढवला, तरी नाही. मग लक्षात आलं की ती कुजबुजतेय. साताऱ्यात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, एकटी, पदर तोंडाशी धरून.

"आई, मोठ्याने बोल ना," मी म्हटलं, "काही ऐकू येत नाहीये!" आणि कोपऱ्यातल्या गार्डने मान वर करून माझ्याकडे बघितलं.